भाड्याचा खेळ आणि त्याची आठवण : अमेरिकेतील व्हिडिओ गेम भाडेव्यवहाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

बालपणीच्या आठवणी हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, या प्रश्नाकडे अभ्यासकांनी बराच काळ साशंकतेने पाहिले. आठवण ही व्यक्तिगत, रंगवलेली आणि पुराव्याच्या कसोटीवर न टिकणारी असते, असा या साशंकतेचा आशय होता. परंतु मौखिक इतिहासाची पद्धती रुळल्यानंतर ही भूमिका सौम्य झाली. लोक काय विसरतात, काय लक्षात ठेवतात आणि लक्षात ठेवलेल्या गोष्टीला कोणता रंग देतात, हेही त्या समाजाविषयी बोलणारे साधन आहे, हे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

अमेरिकेत १९७५ ते १९९० या काळात जन्मलेल्या पिढीच्या आठवणींत एक प्रसंग वारंवार भेटतो. शुक्रवारची संध्याकाळ, आईवडिलांबरोबर व्हिडिओच्या दुकानात जाणे, भिंतीवर मांडलेल्या खोक्यांतून एकच खेळ निवडणे, शनिवार-रविवार तो खेळणे आणि मुदत संपताच तो परत करणे. हा प्रसंग सांगताना माणसे हळवी होतात. या हळवेपणाकडे बाजाराने विक्रीचे साधन म्हणून पाहिले, तर अभ्यासकांनी बहुधा त्याकडे दुर्लक्ष केले. तथापि या आठवणीच्या मुळाशी गेल्यास तेथे मालकी, कायदा आणि सामान्य माणसाचा सांस्कृतिक वस्तूंवरील हक्क या विषयीचा एक मोठा वाद आढळतो.

प्रस्तुत लेखात या भाडेव्यवहाराचा उदय, त्यावरील कायदेशीर संघर्ष आणि त्याचा अस्त यांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. भाड्याच्या खेळाची आठवण ही एका विशिष्ट कायदेशीर परिस्थितीची निर्मिती आहे. ती परिस्थिती कोणीही रद्द न करता नाहीशी झाली असून आजच्या स्मरणरंजनात या हानीची अस्पष्ट जाणीव दडलेली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

स्मरणरंजन : संकल्पना

मराठीत ज्याला आपण स्मरणरंजन म्हणतो, त्याचा पाश्चात्त्य पर्याय असलेला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात वैद्यकशास्त्रातला आहे. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये बासेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो प्रथम योजला. घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने तो घडवला. मायदेशापासून दूर असलेल्या स्विस लोकांना जडणारा घरच्या ओढीचा विकार, असा त्याचा अर्थ होता. पुढे या शब्दाचा रोख स्थळाकडून काळाकडे वळला आणि विकाराची भावना झाली.

स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत. पहिला पुनर्स्थापक प्रकार हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहतो. दुसरा चिंतनशील प्रकार घर परत मिळणार नाही हे जाणून त्या हरवण्याचा अर्थ शोधतो. त्याआधी १९२५ मध्ये मोरिस हालब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने व्यक्तीची आठवण ही समूहाच्या चौकटीतच आकार घेते, असा सिद्धांत मांडला होता. माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, गल्ली, शाळा, देऊळ अशा चौकटी त्याला आठवण्यास मदत करतात.

भाड्याच्या खेळाची आठवण या दोन्ही विचारांच्या प्रकाशात पाहणे उपयुक्त ठरते. तिची सामाजिक चौकट म्हणजे दुकान, कुटुंब आणि आठवडाअखेर. मात्र ही चौकट उभी राहण्यासाठी आधी एक कायदेशीर चौकट असावी लागली. तिचा विचार प्रथम करू.

प्रथम विक्रीचे तत्त्व आणि दुकानांचा उदय

एखादे पुस्तक विकत घेतल्यावर त्यातील मजकुराचा स्वामित्वहक्क लेखकाकडे वा प्रकाशकाकडेच राहतो; परंतु ती विशिष्ट प्रत मात्र ग्राहकाची होते. ती त्याने विकावी, दान करावी वा भाड्याने द्यावी. यास प्रथम विक्रीचे तत्त्व म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये बॉब्ज-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस या खटल्यात ते प्रस्थापित केले. ‘द कॅस्टअवे’ ही कादंबरी एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये, अशी सूचना प्रकाशकाने पुस्तकात छापली होती. न्यू यॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकाशकाचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर संपतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. १९०९ च्या कायद्यात या तत्त्वास स्थान मिळाले आणि १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १०९ व्या कलमात ते कायम राहिले.

या तत्त्वाच्या आधारावरच व्हिडिओ भाड्याचा धंदा उभा राहिला. १९७७ मध्ये मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीने ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्सचे ५० चित्रपट परवाना घेऊन कॅसेटवर विक्रीस आणले. त्याच वर्षी जॉर्ज ॲटकिन्सन यांनी लॉस एंजेलिसमध्ये अशा कॅसेटी विकत घेऊन भाड्याने देण्यास प्रारंभ केला. चित्रपट कंपन्यांना हे रुचले नाही. परंतु विकत घेतलेली प्रत भाड्याने देण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. काही वर्षांतच गावोगावी लहान लहान भाडे दुकाने निघाली. १९८५ मध्ये डॅलस येथे डेव्हिड कुक यांनी ब्लॉकबस्टरचे पहिले दुकान उघडले.

याच सुमारास व्हिडिओ गेमचा धंदा कोसळून पुन्हा सावरत होता. १९८३ मध्ये अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमच्या बाजारात मोठी मंदी आली. दर्जाहीन खेळांचा सुकाळ झाला, दुकानांत माल पडून राहिला आणि अनेक कंपन्या बुडाल्या. निंटेंडो या जपानी कंपनीने ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यू यॉर्क परिसरात आपले यंत्र विक्रीस आणले आणि १९८६ मध्ये ते देशभर पोहोचवले. या यंत्रावरील एकेक खेळ साधारणपणे ३० ते ५० डॉलरला मिळे. मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलाला असा खेळ वाढदिवसाला वा नाताळला मिळे; एरवी नाही. भाड्याच्या दुकानात मात्र तोच खेळ काही डॉलर देऊन दोन-तीन दिवसांकरिता घरी नेता येई. चित्रपटांच्या कॅसेटी ठेवणाऱ्या दुकानांनी एका बाजूस खेळांची कार्ट्रिजे मांडली आणि मुलांचे पाय तिकडे वळले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. मुलाने जे पैसे दिले ते खेळाचे नव्हते, काळाचे होते. विकत घेतलेला खेळ कंटाळा येईपर्यंत खेळता येतो. भाड्याचा खेळ घड्याळाकडे डोळा ठेवून खेळावा लागतो. आठवणीतील तीव्रतेचे एक कारण या मर्यादित अवधीत आहे.

खटला आणि कायदा

निंटेंडोचा या व्यवहारास कडवा विरोध होता. एक प्रत एकदाच विकली जाते आणि ती शेकडो मुले खेळतात, दुकानदाराला वारंवार भाडे मिळते आणि निर्मात्याला त्यातील कपर्दिकही मिळत नाही, असा कंपनीचा आक्षेप होता. व्यापाराच्या दृष्टीने तो अगदीच अनाठायी नव्हता. परंतु प्रथम विक्रीच्या तत्त्वामुळे भाड्यालाच आव्हान देणे शक्य नव्हते. म्हणून १९८९ मध्ये निंटेंडोने ब्लॉकबस्टरविरुद्ध वेगळ्याच मुद्द्यावर न्यायालयात धाव घेतली. खेळासोबतच्या माहितीपुस्तिका हरवत वा फाटत, म्हणून दुकानांत त्यांच्या छायाप्रती काढून दिल्या जात. कार्ट्रिज ही विकत घेतलेली वस्तू होती. परंतु पुस्तिकेची छायाप्रत ही नवी प्रत होती आणि नवी प्रत काढण्याचा हक्क निंटेंडोचा होता. ब्लॉकबस्टरने छायाप्रती थांबवल्या आणि स्वतः तयार केलेली संक्षिप्त माहिती देण्यास सुरुवात केली. भाडे मात्र चालूच राहिले. भाड्याने आणलेल्या खेळात प्रारंभी काय करायचे हेच कळत नसे, ही आठवण त्या पिढीत सार्वत्रिक आहे. तिचा उगम काही अंशी या खटल्यात आहे.

खरी लढाई संसदेत झाली. ध्वनिमुद्रिका भाड्याने देण्यावर अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने बंदी आणली होती. कारण ध्वनिमुद्रिका भाड्याने न्यायची आणि घरी तिची कॅसेट करून घ्यायची, असा प्रकार सुरू झाला होता. संगणकीय आज्ञावलींच्या निर्मात्यांनी तशीच बंदी मागितली. १ डिसेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने हा कायदा अमलात आला आणि संगणकीय आज्ञावली नफ्यासाठी भाड्याने देणे निषिद्ध झाले. मात्र त्यात एक अपवाद राखण्यात आला. व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनवलेल्या मर्यादित हेतूच्या संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीस ही बंदी लागू नव्हती. कार्ट्रिजची घरच्या घरी नक्कल करणे कठीण असते, हा त्यामागील तर्क होता आणि व्हिडिओ दुकानदारांच्या संघटनेचा दबावही त्यामागे होता.

या अपवादाचे महत्त्व फार मोठे आहे. एकाच घरात, एकाच काळात, संगणकावर खेळण्याची तबकडी भाड्याने आणणे कायद्याबाहेर गेले आणि दूरदर्शन संचाला जोडून खेळण्याचे कार्ट्रिज भाड्याने आणणे कायद्यात राहिले. एका पिढीची आठवण कायद्यातील एका उपवाक्यावर उभी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जपानचे उदाहरण

हे विधान पडताळून पाहण्यासाठी जपानचे उदाहरण घेता येते. ज्या खेळांची आठवण अमेरिकन माणसे काढतात, त्यांतील कितीतरी खेळ जपानमध्येच घडले. निंटेंडोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आले आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ तेथे सप्टेंबर १९८५ मध्ये आला. तथापि जपानमध्ये या खेळांच्या भाड्याचा व्यवसाय मूळ धरू शकला नाही. ध्वनिमुद्रिका भाड्याने देणारी दुकाने १९८० पासून तेथे झपाट्याने वाढली, तेव्हा स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती करून निर्मात्यास भाड्याने देण्याविषयीचा स्वतंत्र हक्क देण्यात आला. ही दुरुस्ती १९८५ च्या प्रारंभी अमलात आली. निर्मात्याच्या अनुमतीवाचून भाडे नाही, आणि गेम कंपन्यांनी अनुमती दिली नाही.

त्यामुळे जपानी मुलाच्या आठवणीचा आकार निराळा आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये निंटेंडोने फॅमिकॉमला जोडण्याची तबकडीची जोडणी बाजारात आणली. दुकानांत ठेवलेल्या यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या तबकडीवर नवा खेळ लिहून घेता येई. कमी पैशांत नवा खेळ मिळण्याची गरज दोन्ही देशांतील मुलांची सारखीच होती. अमेरिकेत ती दुकानदाराने कायद्याच्या आधारे भागवली. जपानमध्ये ती कंपनीने स्वतःच्या नियंत्रणाखाली भागवली. खेळ तेच, वयही तेच. कायदा बदलताच आठवण बदलली.

भाडेव्यवहाराचा परिणाम खेळांच्या घडणीवरही झाल्याचे दिसते. ‘निंजा गायडेन ३’ हा खेळ १९९१ मध्ये दोन्ही देशांत आला. जपानी आवृत्तीत हरल्यावर कितीही वेळा पुन्हा खेळता येई. अमेरिकन आवृत्तीत ही संधी पाच वेळांपुरती मर्यादित करण्यात आली. अशा काठिण्यामागे, भाड्याच्या दोन दिवसांत खेळ संपू नये हा हेतू असल्याचे अनेकदा सांगितले जाते. प्रत्येक खेळाबाबत हे सिद्ध करता येणार नाही. तरीही बाजारातील व्यवहार कलाकृतीच्या अंतर्रचनेत शिरतो, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील भाडे वाचनालयांच्या सोयीने कादंबऱ्या तीन खंडांत छापल्या जात, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे.

अनोळखी मुलाची खूण

भाड्याच्या वस्तूचे एक वैशिष्ट्य असे की ती आपल्याआधी कोणाच्या तरी हातात होती आणि आपल्यानंतर कोणाच्या तरी हातात जाणार असते. ग्रंथालयातील पुस्तकाच्या समासात आधीच्या वाचकाने केलेली खूण आपण पाहतो. भाड्याच्या कार्ट्रिजमध्ये अशी खूण अक्षरशः कोरलेली असे.

‘द लिजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ १९८७ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्याच्या कार्ट्रिजमध्ये एक लहानशी बॅटरी बसवलेली होती. तिच्या योगे खेळाडूची प्रगती जपून ठेवली जाई. जागा तीनच होत्या. शुक्रवारी घरी आणलेल्या कार्ट्रिजमध्ये बहुधा तिन्ही जागी तीन अनोळखी नावे असत. त्यांतील एखादा खेळाडू आपल्या कितीतरी पुढे गेलेला असे. त्याचे नाव निवडून न पाहिलेला प्रदेश पाहावा, की आपले नाव लिहिण्यासाठी त्याची कित्येक तासांची मेहनत पुसावी, असा पेच त्या मुलापुढे उभा राही. सोमवारी कार्ट्रिज परत दिल्यावर आपलेही नाव कोणीतरी पुसणार, हेही त्याला ठाऊक असे. पुढच्या शनिवारी तोच खेळ पुन्हा आणून पाहावे, तर नाव गेलेले असे. क्वचित ते शिल्लक असे आणि तो आनंद वर्षानुवर्षे स्मरणात राही.

याउलट ‘मेट्रॉइड’ या खेळाच्या अमेरिकन आवृत्तीत प्रगती साठवण्याऐवजी २४ अक्षरांचा संकेत मिळे. तो वहीत उतरवून ठेवला की पुढच्या वेळी खेळ तेथून सुरू करता येई. एक अक्षर चुकले की सारे व्यर्थ जाई. पहिल्या पद्धतीत आठवण वस्तूत राहिली आणि वस्तू परत गेली. दुसऱ्या पद्धतीत वस्तू गेली तरी आठवण मुलाच्या वहीत राहिली. त्या काळातील अशा वह्या आज कोणी जपल्या असतील, तर ते बालपणाच्या इतिहासाचे अस्सल साधन आहे. कार्ट्रिजमधील बॅटऱ्या मात्र काळाच्या ओघात निकामी होत आहेत आणि ती नावे कायमची पुसली जात आहेत.

हालब्वाक्सच्या सामूहिक चौकटीची कल्पना येथे मूर्त झालेली दिसते. एकमेकांना कधीही न भेटलेली एका गावातील मुले एका वस्तूच्या द्वारे परस्परांच्या अस्तित्वाची जाणीव बाळगून होती. ही जाणीव खाजगी मालकीच्या वस्तूतून निर्माण झाली नसती.

स्मरणातील मौन

स्मरणरंजनाचा साधन म्हणून उपयोग करताना त्यात काय गाळले जाते हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत या काळाची आठवण ब्लॉकबस्टर या एका नावाभोवती एकवटली आहे. प्रत्यक्षात १९८० च्या दशकातील भाडेव्यवहार हा मुख्यतः लहान, कौटुंबिक दुकानांचा होता. या साखळी दुकानांनी त्यांतील अनेकांचा धंदा बसवला. आज ज्या निळ्या-पिवळ्या फलकाकडे पाहून लोक हळवे होतात, तो फलक त्याच्या काळात मोठ्या भांडवलाचे प्रतीक होता. १९९४ मध्ये व्हायाकॉमने ही कंपनी ८४० कोटी डॉलरला विकत घेतली.

दुसरे मौन विलंबशुल्काविषयीचे आहे. २००० साली ब्लॉकबस्टरला केवळ विलंबशुल्कापोटी सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले. हे पैसे विसराळू वा धावपळीत असलेल्या कुटुंबांनीच भरले होते. तिसरे मौन वर्गाविषयीचे आहे. सभासदत्वासाठी ओळखपत्र, पत्ता आणि बहुधा क्रेडिट कार्ड लागे. ज्याच्या घरी खेळाचे यंत्रच नव्हते त्याला भाड्याच्या कार्ट्रिजचा उपयोग नव्हता. तेव्हा भाड्याने खेळ सर्वांच्या आवाक्यात आणले, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु विक्रीच्या किमतीने बाहेर ठेवलेल्या फार मोठ्या वर्गाला त्याने आत घेतले, हे मात्र खरे.

महाराष्ट्रातील अनुभवाशी तुलना

अमेरिकेत कायद्याने अनुमती दिली आणि भाडे फोफावले. जपानमध्ये कायद्याने अनुमती नाकारली आणि ते उगवलेच नाही. भारताचा प्रकार तिसरा आहे आणि तो आपल्या परिचयाचा असल्याने त्याचा थोडक्यात उल्लेख करणे युक्त ठरेल.

भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १० मे १९९५ पासून अमलात आली. संगणकीय आज्ञावलीची प्रत एकदा विकली गेली असली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क मूळ मालकाकडेच राहील, असे त्यात म्हटले होते. व्हिडिओ गेमसाठी अमेरिकेसारखा स्वतंत्र अपवाद त्यात नव्हता. १९९९ च्या दुरुस्तीने व्यापारी भाडे असा शब्दप्रयोग आला. म्हणजे कागदावर आपली स्थिती जपानच्या जवळची होती.

व्यवहार मात्र निराळा होता. महाराष्ट्रातील शहरांत सर्क्युलेटिंग लायब्ररीतून मासिके व कॉमिक्स भाड्याने आणण्याची रीत जुनी होती. तासाच्या हिशेबाने सायकल भाड्याने मिळत असे. १९८० च्या दशकात टी.व्ही. आणि व्ही.सी.आर. एका रात्रीपुरते भाड्याने आणून सारी चाळ चित्रपट पाहत बसे. १९९० च्या दशकात निंटेंडोच्या यंत्राच्या नकला बाजारात आल्या, तेव्हा खेळांचे कार्ट्रिज याच सरावाच्या वाटेने घरात आले. मुलांच्या बोलीत ते कार्ट्रिज नव्हतेच, ती ‘कॅसेट’ होती. ती अनामत ठेवून भाड्याने आणावी, मित्राशी अदलाबदल करावी वा थोडे पैसे भरून दुकानदाराकडून बदलून घ्यावी, आणि ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनी पार्लरमध्ये तासावर खेळावे, असा हा व्यवहार होता. एकाच कॅसेटीत शेकडो वा हजारो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला असे. प्रत्यक्षात तेच ते खेळ पुन्हा पुन्हा येत.

या तुलनेतून आधीच्या विधानाला एक मर्यादा घालावी लागते. कायदा आठवण घडवतो, पण तो अमलात येतो तेथेच. जेथे अंमलबजावणी नव्हती तेथे समाजाच्या जुन्या सवयीने आठवण घडवली. मात्र त्याची एक किंमत मोजावी लागली. अमेरिकेत खटल्यांची कागदपत्रे, दुकानांच्या सूची आणि सभासदपत्रे उरली. आपल्याकडील व्यवहार नोंदीविना झाला आणि नोंदीविना संपला. आपल्या शहरांत कोणत्या दुकानात काय मिळे, भाडे किती असे, मुलींना तेथे जाता येई काय, याचे उत्तर आता केवळ माणसांच्या आठवणीतच आहे.

अस्त आणि आजचा प्रश्न

ब्लॉकबस्टरने २०१० च्या सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीच्या मालकीची उरलेली अमेरिकेतील दुकाने बंद करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०१४ पर्यंत ती बंद झाली. २०१९ पासून ऑरेगन राज्यातील बेंड येथील दुकान या नावाचे जगातील अखेरचे दुकान म्हणून ओळखले जाऊ लागले आणि लोक ते एखाद्या स्मारकाप्रमाणे पाहण्यास जाऊ लागले. पुनर्स्थापक स्मरणरंजनाचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

परंतु दुकाने गेली एवढेच घडले नाही. खेळ ही वस्तूच बदलली. कार्ट्रिज वा तबकडी विकत घेण्याऐवजी खेळ थेट यंत्रात उतरवून घेण्याची पद्धत रूढ झाली. अशा व्यवहारात ग्राहकाला प्रत मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो. अमेरिकेतील अपिलीय न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये रीडिजी या कंपनीविरुद्धच्या खटल्यात, डिजिटल संगीताच्या फायलीची पुनर्विक्री करताना नवी प्रत निर्माण होते, म्हणून प्रथम विक्रीचे तत्त्व त्यास लागू नाही, असा निर्णय दिला. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यान्वये, ग्राहकास केवळ परवाना मिळतो हे विक्रेत्याने स्पष्ट सांगणे १ जानेवारी २०२५ पासून बंधनकारक झाले.

१९९० च्या कायद्यातील अपवाद आजही शाबूत आहे. तो कोणी काढून घेतला नाही. मात्र ज्या वस्तूला तो लागू होता ती वस्तू दुर्मिळ होत चालली आहे. हक्क कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि त्याचा विषय बाजारातून निघून गेला. हक्क नष्ट होण्याचा हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कारण त्याची तारीख सांगता येत नाही आणि त्याविरुद्ध कोणी मोर्चाही काढत नाही.

याचा थेट संबंध ज्ञानव्यवहाराशी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर उपलब्ध नव्हते. ग्रंथालयांनी जतन केलेले असे खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, अशी विनंती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे करण्यात आली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. दहा वर्षांच्या मुलाला १९९० मध्ये काही डॉलर देऊन जो खेळ घरी नेता येत होता, तोच खेळ आज प्राध्यापकाला अभ्यासासाठी आपल्या टेबलावर रीतसर मिळवणे कठीण झाले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, भाड्याच्या व्हिडिओ गेमची आठवण ही निव्वळ भावनिक बाब नसून तिच्यामागे प्रथम विक्रीचे तत्त्व आणि १९९० चा अपवाद अशी ठोस कायदेशीर पार्श्वभूमी आहे. दुसरा, जपान व भारत यांच्याशी तुलना केल्यास कायदा, त्याची अंमलबजावणी आणि समाजाची जुनी सवय या तिहींच्या संयोगातून पिढीची आठवण घडते, असे दिसते. तिसरा, या आठवणीत साखळी दुकानांची मक्तेदारी, विलंबशुल्क आणि वर्गभेद यांविषयी मौन आहे. म्हणून तिचा वापर चिकित्सेनेच केला पाहिजे. चौथा, भाड्याचा हक्क कायद्याने रद्द न होता वस्तूच्या लोपामुळे निरर्थक होत आहे.

दुकान परत यावे असे म्हणणारे स्मरणरंजन बाजाराच्या कामी येते. दुकानामुळे आपल्याला काय करता येत होते, हे विचारणारे स्मरणरंजन मात्र इतिहासाच्या कामी येऊ शकते. विकत न घेता, ठरावीक मुदतीपुरती, रीतसर एखादी कलाकृती घरी आणता येणे आणि ती दुसऱ्यासाठी परत ठेवणे, ही गोष्ट एका पिढीने गृहीत धरली होती. ग्रंथालयाच्या उंबरठ्यावर वाढलेल्या आपल्यासारख्या अध्यापकांना तिचे मोल निराळे सांगावयास नको.

आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी या संदर्भात एक लहानसे काम हाती घेणे शक्य आहे. १९९० च्या दशकात व्हिडिओ लायब्ररी वा गेम पार्लर चालवणारी माणसे अद्याप आपल्या गावांत आहेत आणि त्यांच्या दुकानात जाणारी मुले आज आपल्या वर्गांत शिकवत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घेतल्या, जुन्या वह्या, पावत्या आणि फलकांची छायाचित्रे जमवली, तर स्थानिक इतिहासातील एक अलिखित प्रकरण वेळीच लिहिले जाईल. कार्ट्रिजमधील बॅटरीप्रमाणे माणसाच्या स्मृतीलाही मुदत असते.